पावतीपुस्तक छापण्याआधी

युवक गटाच्या सभेत पैशांचा विषय निघाला की पहिली सूचना दहीहंडीची येते. परळ-लालबागमध्ये तर येतेच येते. सराव आहेच, पोरं आहेत, ट्रक करायचा, दिवसभर फिरायचं, सलामी द्यायची आणि जमेल ते बक्षीस घेऊन यायचं. गोविंदा बघतच मी मोठी झाले. मुलींचं पथक थर लावतं तेव्हा माझा ऊर भरून येतो. तरीही निधी उभारायचं साधन म्हणून दहीहंडीला माझा ठाम विरोध आहे, आणि तो मी दर वर्षी सभेत उभी राहून सांगते.

त्या रात्री केईएम रुग्णालयाच्या अपघात विभागात काय परिस्थिती असते ते परळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायला मनाई आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांचा विमाही उतरवला जातो. हे सगळं हवंच होतं. पण खेळ म्हणून थर लावणं वेगळं आणि पैसे हवेत म्हणून आणखी एक थर चढवणं वेगळं. गटाला खुर्च्या हव्यात म्हणून कुणाच्या पोराचा मणका पणाला लावायचा नाही. शिवाय ते बक्षीस किती मिळेल, मिळेल की नाही, हे आयोजकाच्या मनावर. ज्या पैशाचा आधी अंदाज बांधता येत नाही, त्यावर काहीही बेतता येत नाही.

आमची चाळ जुनी, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी. दहा बाय बाराच्या खोल्या, एकेका खोलीत पाच-सहा माणसं. दहावीचा मुलगा अभ्यास कुठे करणार? रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, गॅलरीतल्या दिव्याखाली. म्हणून पंधरा ते बावीस वयाच्या मुलामुलींनी ठरवलं की गणेशोत्सव मंडळाची खोली वर्षातले दहा महिने बंदच असते, तिथे अभ्यासिका करायची. मंडळाने खोली दिली. बाकी सगळं गटाने उभं करायचं. मी बँकेत नोकरी केलेली, म्हणून हिशेबाच्या गोष्टी मुलं माझ्याकडे घेऊन येतात. 'मावशी, काय करूया?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

माझं उलट म्हणणं असतं. काय करूया हे शेवटी. आधी किती लागणार ते सांगा, आणि ते एकदाच लागणार की दर महिन्याला?

हे दोन रकाने पाडले की निम्मा गोंधळ संपतो. आमच्या मुलांनी दोन संध्याकाळी बसून कागद तयार केला. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, चार पंखे, ट्यूबा, वायरिंगचं काम, एक कपाट, पुस्तकांचे संच मिळून सत्तर हजारांच्या आसपास, एकदाच. वीजबिल, पाण्याचे जार, झाडलोट, दोन वर्तमानपत्रं यांचे साडेचार हजार, दर महिन्याला. पहिल्या रकान्यासाठी एखादा मोठा कार्यक्रम चालतो. दुसऱ्यासाठी तो उपयोगाचा नाही. तिथे दर महिन्याला येणारं, लहान पण न आटणारं काहीतरी लागतं. अनेक गटांच्या चांगल्या अभ्यासिका आणि वाचनालयं इथेच बंद पडतात. उद्घाटन थाटात होतं आणि सातव्या महिन्यात वीजबिल थकतं.

दर महिन्याच्या रकान्यासाठी आम्ही रद्दी निवडली. हिशेब साधा आहे. रोजचा एक पेपर घेणाऱ्या घरात महिन्याला पाच-सहा किलो रद्दी निघते. साठ घरं मिळाली तर साडेतीनशे किलोच्या आसपास, आणि किलोला बारा रुपये धरले तर चार हजारांच्या वर. पेपर घेणारी घरं कमी झाली आहेत, सगळं मोबाइलवर आलं आहे, म्हणून शेजारच्या दोन इमारती जोडाव्या लागल्या.

पण रद्दीत एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम विचारली: ही रद्दी आज कोण नेतो? कोपऱ्यावरचा रद्दीवाला. सुका कचरा कोण वेगळा करतं? सफाईचं काम करणारी बाई, आणि पुठ्ठा, बाटल्या विकून तिचा महिन्याचा थोडा खर्च भागतो. आपल्या अभ्यासिकेसाठी त्यांच्या हातातलं काढून घ्यायचं का? मुलं गप्प झाली, मग त्यांनीच मार्ग काढला. पुठ्ठ्याला आणि बाटल्यांना हात लावायचा नाही. वर्तमानपत्रं मुलांनी घरोघर जाऊन गोळा करायची, गठ्ठे बांधायचे आणि त्याच रद्दीवाल्याला एकत्र द्यायचे. त्याचे जिने चढायचे कष्ट वाचतात, म्हणून तो किलोमागे रुपया-दीड रुपया जास्त देतो. वजन त्याच्या काट्यावर, पण मुलांसमोर. पैसे कमावताना कुणाचं काय जातं हे विचारायची सवय वयाच्या सोळाव्या वर्षी लागली, तर पुढे ती मुलं कुठल्याही ऑफिसात, दुकानात, कारखान्यात गेली तरी सोबत राहते असं मला वाटतं.

एकदाच्या रकान्यासाठी दिवाळी. मुंबईत मराठी वस्तीतल्या मुलांनी दिवाळीत उटणं विकलं नाही असं घर सापडणार नाही. गेटवर टेबल, रांगोळीची पाकिटं, पणत्या, उटणं. हे ठीकच आहे, पण दोन गोष्टी बघायला हव्यात. त्वचेला लावायच्या वस्तू घरी तयार करून विकायला परवाना लागतो, त्यामुळे मुलतानी माती आणि आंबेहळद आणून स्वतः पाकिटं भरायच्या भानगडीत पडू नये. परवाना असलेल्या उत्पादकाकडून घाऊक घ्यावं, पाकिटावरची तारीख बघावी. फराळाचंही तसंच. चकल्या-चिवडा विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. लहान विक्रेत्यासाठी तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. ज्या काकू करून देणार त्यांच्याच नावावर नोंदणी काढली तर पुढे त्यांनाही तिचा उपयोग होतो. लालबागला चिवडा गल्ली हाकेच्या अंतरावर असताना आपला चिवडा कोण घेणार, हा विचारही करायचाच.

माझा जीव मात्र कंदिलांवर आहे. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद, खळ. कागदाच्या करंज्या कापायच्या, शेपट्या लावायच्या. माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन मुलं आधी बघून आली: कुठला आकार लोक हातात घेऊन बघतात, कुठला नुसता बघून पुढे जातात. कागद, गोंद आणि बाकीचं सामान अब्दुल रहमान स्ट्रीटवर दसऱ्याआधी घेतलं, कारण नंतर गर्दीही वाढते आणि भावही. एका कंदिलाला सामान ऐंशी रुपयांचं, विक्री अडीचशेला. शंभर कंदील गेले तर सतरा हजार राहतात. विकायला बसायच्या आधी ऑर्डरी घ्यायच्या, अर्धे पैसे आगाऊ. ज्याचे पैसे आले तेवढेच कंदील आणि वर थोडे. पडून राहिलेला कंदील दिवाळीनंतर कुणी घेत नाही.

यात कामट्या तासायला चाळीतलेच एक निवृत्त गिरणी कामगार बसले. त्यांच्या हाताला अजून ती सफाई आहे. अठरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडून गाठ मारायला शिकत होती आणि ते तिला मोबाइलवरचं पेमेंट कसं आलं ते विचारत होते. दहीहंडीच्या बक्षिसातून सतरा हजार एका दुपारी आले असते, पण ही दोन माणसं एका सतरंजीवर आली नसती.

स्काउटमध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम असतो. ब्रिटनमधल्या स्काउटांनी १९४९ मध्ये 'बॉब-अ-जॉब' आठवडा सुरू केला. शेजाऱ्याचं एखादं काम करायचं आणि त्याचा एक बॉब, म्हणजे एक शिलिंग घ्यायचा. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना १९५० मध्ये उभी राहिली आणि खरी कमाई आपल्या शाळांतही आली. आमच्या भागात तिला आजही जागा आहे. कितीतरी घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. मुलं-सुना डोंबिवलीला, विरारला. दिवाळीआधी त्यांचे माळे कोण काढणार? डबे, पितळेची भांडी, जुन्या गाद्या खाली उतरवायच्या, पुसायच्या, परत चढवायच्या. दोन-दोन मुलांच्या जोडीने हे काम करायचं. ठरलेला दर नाही, पाकिटात जे येईल ते. आणि एक अट: त्यांच्या मोबाइलला, बँकेच्या पुस्तकाला हात लावायचा नाही, त्यांनी स्वतः सांगितलं तरी नाही. ते काम त्यांच्या घरच्यांचं.

मोठ्या कार्यक्रमांत नाटक येतं. मराठी मुंबईने मदतनिधीसाठी किती प्रयोग लावले असतील त्याला गणती नाही. शाळेच्या इमारतीसाठी, गावच्या देवळासाठी, व्यायामशाळेसाठी, ग्रामस्थ मंडळाच्या रुग्णवाहिकेसाठी. प्रयोग कंत्राटी घ्यायचा, शिवाजी मंदिर किंवा यशवंत नाट्यगृहाची तारीख मिळवायची आणि तिकीट थोडं चढ्या दराने आपल्या माणसांत विकायचं. मला हा मार्ग आवडतो, कारण देणाऱ्यालाही एक संध्याकाळ मिळते. पण नवख्या गटाने यात उडी घेऊ नये. निर्मात्याला रक्कम आधी द्यायची असते. तिकिटं उरली तर तोटा गटाचा. रविवारची दुपार मिळाली तर ठीक, मंगळवारची रात्र मिळाली तर चाळीतलेच लोक येत नाहीत. परीक्षेचे दिवस, पितृपक्ष, क्रिकेटचा सामना सगळं बघावं लागतं. निदान तीनशे माणसांनी नाव आणि पैसे दिल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही, असा माझा नियम आहे. आणि फुकट पास कुणालाही नाहीत, मंडळाच्या अध्यक्षांनाही नाहीत.

लकी ड्रॉ तर कुणीतरी सुचवतंच. तिकीट वीस रुपयांना, पहिलं बक्षीस मिक्सर. १९९८ च्या कायद्याने लॉटरी चालवायचा अधिकार राज्य सरकारांकडेच ठेवला आहे. तिकीट विकून सोडत काढणं गटाला अडचणीत आणू शकतं. लोकल गाडीत मदतीचा डबा घेऊन फिरणं हेही नको. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना विकायला आणि भीक मागायला बंदी आहे, आणि संध्याकाळी साडेसहाच्या कल्याण फास्टमध्ये उभ्या माणसाच्या नाकासमोर डबा हलवून मिळालेल्या नाण्यात राजीखुशी नसते.

राजीखुशीवरूनच वर्गणीकडे येते. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून या शहराला वर्गणी माहीत आहे. त्याच काळाच्या आसपास अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: माणशी एक पैसा, पण तो प्रत्येकाचा. टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांसाठी बायकांनी दळणाआधी बाजूला काढलेलं मूठभर धान्य मुष्टिफंड म्हणून जमा व्हायचं. एक पैसा देणाराही त्या कारखान्याचा होता, मूठभर ज्वारी देणारीही त्या वसतिगृहाची होती. मला वर्गणी प्रिय आहे ती यासाठी. अभ्यासिकेला महिन्याला वीस रुपये देणारी तिसऱ्या मजल्यावरची आजी खाली येऊन विचारते, 'पंखा अजून का बसला नाही?' हा प्रश्न विचारायचा अधिकार तिला त्या विसांनी दिला आहे.

पण वर्गणीचा दरवाजा वाजवायच्या आधी कागद नीट हवा. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ती ओळखीची आहे, युवक गटांना बऱ्याचदा नसते. अर्ज करावा, नाहीतर नोंदणीकृत मंडळाची उपसमिती म्हणून काम करावं आणि पावती त्यांच्या नावाने फाडावी. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा, हा प्रश्न तर मी पहिल्याच सभेत विचारते. सेक्रेटरीच्या स्वतःच्या खात्याचा कोड लावणं सोपं पडतं, पण ते होऊ द्यायचं नाही. तो मुलगा कितीही सरळ असला तरी त्याच्या पगारात आणि गटाच्या पैशात फरक कोण दाखवणार? खातं संस्थेचं, सह्या दोघांच्या, त्यातला एक कोषाध्यक्ष. दहा रुपयांचीही पावती. रद्द पावती फाडून टाकायची नाही, पुस्तकातच ठेवायची. मुली वर्गणीला जोडीने जातील आणि अंधार पडायच्या आत परततील. घरात कुणी आजारी असेल, कुणाची नोकरी गेली असेल, तर पुढच्या दाराकडे जायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

हिशेब चाळीच्या फळ्यावर लागतो. पूर्वी तिथे देणाऱ्यांची नावं आणि रकमा लिहायची पद्धत होती. पाचशे देणारा वर, दहा देणारा खाली. आमच्या गटातल्या एका मुलीने सुचवलं की पावती क्रमांक आणि रक्कम लिहू, नाव नको. ज्याच्या हातात पावती आहे तो आपला आकडा शोधून खात्री करेल, आणि कुणाची ऐपत चव्हाट्यावर येणार नाही. मी इतकी वर्षं बँकेत काढली, मला हे सुचलं नव्हतं.

आता ज्या पैशावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला त्याबद्दल. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. संमतीपत्रं गोळा होताहेत. अशा वेळी विकासकाच्या माणसाने निरोप पाठवला: अभ्यासिका आम्ही करून देतो, एसीसकट, वर सगळ्या मुलांना टी-शर्ट. सत्तर हजारांचा कागद एका फोनवर मिटणार होता. अर्ध्या मुलांना ते हवं होतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. परीक्षा तोंडावर आहे, उकाडा आहे, कंदिलांचे पुढचे सतरा हजार जमायला दिवाळी यायची आहे.

सभा रात्री उशिरापर्यंत चालली. माझं म्हणणं मी मांडलं आणि ते इथेही मांडते. उद्या रहिवाशांच्या सभेत करारनाम्यावर चर्चा होईल. किती चौरस फूट, भाडं किती, ताबा कधी, कॉर्पस फंड म्हणजे नंतरच्या देखभालीसाठीची ठेव किती? त्या सभेत करारनामा वाचून समजेल अशी शिकलेली माणसं म्हणजे हीच मुलं. त्यांच्या आई-वडिलांना त्यातली निम्मी कलमं कळणार नाहीत, ते मुलांच्या तोंडाकडे बघणार. त्या दिवशी विकासकाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून ही मुलं उभी राहिली तर प्रश्न कसा विचारणार? विचारला तरी चाळीतली माणसं त्यावर विश्वास ठेवतील का? गट कुणाच्या पैशावर उभा आहे ते लोक विसरत नाहीत, आणि खरं तर गटालाही विसरता येत नाही.

एकाने विचारलं, मग आमदार निधी चालतो का, त्यावरही नाव असतंच. चांगला प्रश्न होता. मला वाटतं तो चालतो, पण देणगी म्हणून नाही. तो सरकारचा पैसा आहे, म्हणजे आपण भरलेल्या करातला आहे. खोली दुरुस्त करून हवी असा सह्यांचा अर्ज द्यावा, नियमात बसत असेल तर मागावं, आणि मिळालं तर कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर लावायला बांधील समजू नये. पुनर्विकास झाल्यावर नव्या इमारतीत अभ्यासिकेची जागा हवी, हीसुद्धा अशीच मागणी. ती करारनाम्यात लिहून घ्यायची, भेट म्हणून घ्यायची नाही.

हात वर करून मतदान झालं आणि थोड्याच फरकाने विकासकाला नाही म्हणायचं ठरलं. ज्यांनी विकासकाच्या बाजूने मत दिलं ती मुलं दुसऱ्या दिवशी रद्दीला आली होती, हे मला मुद्दाम लिहून ठेवावंसं वाटतं.

एसी नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात एक पंखा वाढला आहे. खुर्च्या नव्या घ्यायच्याऐवजी दादरच्या एका बंद पडलेल्या क्लासकडून जुन्या मिळताहेत का ते दोघं जण बघताहेत. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक शनिवारी गणित शिकवायला तयार आहेत आणि त्यांनी वर्गणीऐवजी हे घ्या असं सांगितलं, तेव्हा कोषाध्यक्षाने मला विचारलं, याची पावती कशी फाडायची? आम्ही पावतीपुस्तकाच्या नव्या छपाईत रक्कम, वस्तू आणि वेळ असे तीन रकाने टाकले आहेत. छापखान्यातून पुस्तकं पुढच्या आठवड्यात येतील. कामट्यांचा भाव आत्ताच विचारून ठेवायला एकाला पाठवलं आहे.